पापुद्र्याची पारख : चेरीच्या मेजाची घडण

व्यापारी कुटुंबात लिहिण्याच्या मेजाला नुसत्या सामानाचे स्थान कधीच नव्हते. गादी-तक्क्यापुढील उतरत्या डेस्कावर रोजमेळ आणि खतावणी लिहिली गेली; त्याच्या झाकणाखाली किल्ल्या, शिक्के आणि महत्त्वाचे कागद राहिले. पुढे पेढी खुर्चीवर आली तेव्हा मेज उंच झाले, आणि आता वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. तरीही हिशेबाच्या जागेविषयीचा आग्रह तोच आहे. ती भक्कम असावी, नेटकी असावी आणि बाहेरून दिसते तशीच आतूनही असावी. या शेवटच्या अपेक्षेमुळेच ‘व्हिनिअर’ हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात शंका येते. वर उंची लाकडाचा पापुद्रा आणि आत दुसरेच काही, असा माल खरा म्हणावा की वरवरचा?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर मेज घडते कसे, हे पाहिल्यावाचून मिळत नाही. चेरीच्या लाकडाचे, हाताने घडविलेले आणि रूपाने आधुनिक असे एक मेज टप्प्याटप्प्याने पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. पापुद्रा लावणे ही लबाडी नव्हे. लबाडी असलीच, तर ती पापुद्र्याखाली आणि मेजाच्या पाठीला दडलेली असते.

राजाच्या मेजापासून गृहस्थाच्या मेजापर्यंत

मौल्यवान लाकूड पातळ करून साध्या लाकडावर चिकटविण्याची कला अतिशय प्राचीन आहे. इजिप्तमधील तुतनखामून राजाच्या थडग्यात सापडलेल्या सामानावर आबनूस आणि हस्तिदंताचे पातळ थर आहेत. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये या कलेने वैभवाचे टोक गाठले. पंधराव्या लुई राजासाठी झां-फ्रांस्वा ओबेन यांनी १७६० मध्ये आरंभलेले आणि झां-आंरी रीझनेर यांनी १७६९ मध्ये पूर्ण केलेले व्हर्सायचे मेज रंगीबेरंगी लाकडांच्या जडावाने मढलेले आहे.

ही कला सर्वसामान्य गृहस्थाच्या घरी आली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ऑस्ट्रियात आणि जर्मन प्रदेशांत. १८१५ ते १८४८ या काळातील तेथील गृहशैली ‘बीडरमायर’ या नावाने ओळखली जाते. नेपोलियनच्या युद्धांमुळे समुद्रापलीकडून येणारे महोगनी दुर्मीळ झाले होते, आणि नव्याने सावरणाऱ्या मध्यमवर्गाला राजवाड्याचा थाट नकोही होता. कारागिरांनी अंगणातल्या फळझाडांकडे पाहिले. चेरी, नासपती आणि अक्रोड यांचे पापुद्रे मोठ्या सपाट पृष्ठांवर बसविले गेले. कोरीव काम आणि सोनेरी नक्षी मागे पडली, आणि लाकडाच्या रेषा हीच शोभा ठरली. व्हिएन्नातील योसेफ डानहाउझर यांच्या कारखान्याची अशा सामानाची रेखाटने आजही त्या शहराच्या उपयोजित कला संग्रहालयात जपलेली आहेत. ती रूपे इतकी साधी आहेत की विसाव्या शतकातील आधुनिक रचनाकारांनाही ती जवळची वाटली. चेरीच्या मेजाला आज आधुनिक वळण दिले जाते, त्याचे बीज या साधेपणात आहे.

चेरीचा स्वभाव

फर्निचरसाठी चेरीच्या दोन जाती वापरल्या जातात. एक युरोपातील आणि दुसरी उत्तर अमेरिकेतील काळी चेरी. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलेगनी पठाराची काळी चेरी विशेष नावाजलेली आहे. हे लाकूड मध्यम वजनाचे. वाळल्यावर त्याची घनता घनमीटरला सुमारे ५६० किलो भरते. रेषा बारीक आणि सरळ असते, धार लावलेल्या रंध्याखाली ते गुळगुळीत निघते, आणि त्यात मधूनमधून डिंकाचे बारीक काळे ठिपके दिसतात. हे ठिपके दोष नसून खऱ्या चेरीची खूण आहेत.

चेरीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचा बदलता रंग. नुकतीच कापलेली चेरी फिकट गुलाबी दिसते. उजेड लागताच काही आठवड्यांतच ती गडद होऊ लागते आणि कालांतराने तांबूस तपकिरी होते. म्हणूनच जाणते कारागीर तिला रंग चढवीत नाहीत. चढविलेला रंग तिच्यावर डागाळून बसतो, आणि जे काम उजेड आपोआप करणार आहे ते घाईने उरकल्यासारखे होते. मात्र नवे मेज आले की पहिले काही महिने त्यावर एकच वस्तू एकाच जागी ठेवू नये, कारण तिच्याखाली फिकट ठसा उमटतो.

साडेपाच मिलिमीटरांत एक मेज

आता प्रत्यक्ष मेजाकडे वळावे. लांबी १५०० मिलिमीटर, रुंदी ७०० आणि उंची ७४०. उजवीकडे चेरीच्या भरीव लाकडाचे दोन निमुळते पाय आहेत. डावीकडे पायच नाहीत. तेथे मेजाचा वरचा पृष्ठभाग १०० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणाने खाली उतरतो आणि सरळ जमिनीला टेकतो. लाकडाच्या रेषा वरून वाहत येऊन न तुटता खाली जातात. आधुनिक वळण म्हणतात ते हेच. पृष्ठाखाली मुठी नसलेले दोन खण आहेत, आणि मागच्या कडेला तारा लपविणारी अरुंद पन्हळ आहे. तिचे झाकण त्याच पापुद्र्यातून कापलेले असल्याने बंद असताना रेषा अखंड दिसते.

हे रूप भरीव फळीतून साधत नाही. हवेतील ओलाव्याप्रमाणे लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि आकसते. ७०० मिलिमीटर रुंदीची चेरीची भरीव फळी ऋतुमानाप्रमाणे पाच-सात मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते. शिवाय एवढी जाड फळी इतक्या लहान वळणावर वाकविली तर ती तडकते. प्लायवूडमध्ये मात्र प्रत्येक थराच्या रेषा शेजारच्या थराला आडव्या असतात. त्यामुळे एक थर दुसऱ्याची हालचाल रोखतो आणि पृष्ठ जवळजवळ स्थिर राहते.

पापुद्रे काढताना ओंडका गरम पाण्यात किंवा वाफेत मऊ करतात आणि मोठ्या पात्याने त्याचे काप काढतात. करवतीत भुसा होऊन जाणारे लाकूड येथे वाचते. साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचे काप ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने रचून त्यांचा गठ्ठा बांधला जातो. या क्रमालाच खरी किंमत असते, कारण लागोपाठच्या कापांवरील रेषा जवळजवळ सारख्या असतात.

हिशेब मांडला तर तो व्यापाऱ्यालाही थक्क करणारा आहे. अडीच मीटर लांब आणि १९० मिलिमीटर रुंद असे चार काप कडा साफ करून शेजारी शेजारी जोडले, की ७०० मिलिमीटर रुंदी भरते. दर्शनी बाजूला चार, आतल्या बाजूला चार आणि खणांच्या तोंडांना एक, असे नऊ काप लागतात. नऊ कापांची एकत्र जाडी ५.४ मिलिमीटर होते. म्हणजे मेजाचे सगळे मोठे पृष्ठ झाडाच्या साडेपाच मिलिमीटरांहूनही कमी जाडीतून निघाले. पंचवीस मिलिमीटरच्या एका फळीइतक्या लाकडातून असे सुमारे ४१ काप निघतात. उत्तम लाकूड अनेक घरांत पोहोचावे आणि झाड मात्र एकच पडावे, हा या कलेमागचा मूळ व्यवहार आहे.

काप जोडण्याच्या दोन रीती आहेत. एकाआड एक काप उलटून ठेवला तर उघडलेल्या पुस्तकासारखी आरशातली जोडी जमते. सगळे काप एकाच बाजूने ठेवले तर त्याच रेषा ओळीने पुन्हा येतात. चेरीसारख्या शांत लाकडाला आणि आधुनिक रूपाला बहुधा दुसरी रीत शोभते. शिवाय उलटलेल्या कापावर उजेड वेगळा पडतो आणि पट्टे उठून दिसतात. दुसऱ्या रीतीत तो धोका नाही.

न दिसणारी बाजू

मेजाची खरी परीक्षा पापुद्रा लावण्यापूर्वीच होते. सपाट भागांसाठी १८ मिलिमीटरचे प्लायवूड वापरतात. वळणासाठी लवचीक प्लायवूडचे पातळ थर गोंद लावून साच्यावर शिकंज्यांनी आवळतात. साच्यातून काढल्यावर वळण किंचित उलगडते. म्हणून साचा थोडा अधिक वाकडा करावा लागतो. थर जितके पातळ आणि अधिक, तितके हे उलगडणे कमी. मग सपाट भाग आणि वळण यांचा सांधा बोटाला न जाणवेल इतका सारखा करतात. येथे आळस केला तर त्या दिवशी कोणाला कळत नाही. काही महिन्यांनी मात्र खालची खाच वरच्या चकचकीत पृष्ठावर रेघ होऊन उमटते.

धक्के सोसणाऱ्या कडांना भरीव चेरीच्या पट्ट्या लावतात. पाय भरीव असतात आणि आडव्या पट्टीला कुसू-खाचेच्या सांध्याने जोडलेले असतात. जेथे मार बसणार तेथे भरीव लाकूड आणि जेथे स्थिरता हवी तेथे पापुद्रा, अशी ही वाटणी आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम समतोलाचा. फक्त वरच्या बाजूला पापुद्रा लावला तर गोंद वाळताना तो पृष्ठाला एका अंगाने ओढतो आणि फळी वाटीसारखी वाकते. म्हणून पाठीलाही तितक्याच जाडीचा आणि त्याच दिशेच्या रेषांचा पापुद्रा द्यावा लागतो. तो हलक्या लाकडाचा असला तरी चालतो, पण नसून चालत नाही. गिऱ्हाईक मेजाखाली वाकून पाहत नाही, हे जाणून जो कारागीर पाठ कोरी सोडतो, त्याची वरची कारागिरी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उघडी पडते.

पापुद्रा दाबून बसविण्याच्या कामी आधुनिक साधन मोठे उपयोगी ठरले आहे. सगळा सांगाडा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपाने हवा काढून घेतात. बाहेरच्या हवेचा दाब मग सर्व बाजूंनी सारखा बसतो. पूर्ण निर्वातात तो चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो. प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी. पूर्वी हेच काम वजने, साचे आणि शिकंजे यांवर भागवावे लागे, आणि वळणावर दाब सारखा बसविणे ही मोठी कसरत असे.

सरस, लाख आणि घराचा आचार

एक बाब अहिंसेचा आचार पाळणाऱ्या कुटुंबांनी आवर्जून जाणून घ्यावी. शतकानुशतके पापुद्रे चिकटविले गेले ते सरसाने, आणि सरस म्हणजे प्राण्यांचे कातडे व हाडे उकळून केलेला गोंद. तो उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो, म्हणून जुन्या सामानाची दुरुस्ती करणारे आजही तो वापरतात. पारंपरिक फ्रेंच पॉलिशमधील लाख ही कीटकांपासून मिळते.

नव्या मेजाला या दोन्हींची गरज नाही. साध्या सांध्यांना सुतारांचा नेहमीचा पांढरा कृत्रिम गोंद पुरतो. वळणदार पृष्ठाला तो कमी पडतो, कारण ताण राहिला तर तो हळूहळू सरकतो आणि सांधे उघडतात. तेथे युरिया-फॉर्मल्डिहाइड किंवा इपॉक्सीसारखे ताठ वाळणारे गोंद वापरतात. झिलईसाठी जवसाचे किंवा टंगचे तेल आणि ताडाच्या पानांवरील कार्नाउबा मेण आहे. मात्र काही तयार मिश्रणांत मधमाश्यांचे मेणही असते, तेव्हा डब्यावरील घटक वाचावेत. जे कुटुंब ताटातल्या पदार्थाची चौकशी करते, त्याने मेजाच्या गोंदाची केली तर त्यात काही वावगे नाही.

घेणाऱ्याचे प्रश्न

बाजारात ‘चेरी’ हे नाव लाकडाला जसे असते, तसेच नुसत्या रंगछटेलाही असते. चेरी रंगाचे लॅमिनेट हे छापील कागदाचे असते. ‘रिकॉन’ म्हणून मिळणारा पापुद्रा दुसरेच लाकूड रंगवून आणि पुन्हा कापून केलेला असतो. तो खऱ्या लाकडाचाच असतो, पण चेरीचा असेलच असे नाही. या वस्तूंना आपापले स्थान आहे. दाम मात्र त्यांच्याच नावाने द्यावा. म्हणून पहिला प्रश्न लाकडाच्या जातीचा. व्हिनिअर लावलेल्या सजावटी प्लायवूडसाठी आयएस १३२८ हे भारतीय मानक आहे, त्याचीही विचारणा करावी. दुसरा प्रश्न पापुद्र्याच्या जाडीचा. ०.६ मिलिमीटरचे पृष्ठ फार घासता येत नाही. करवतीने काढलेला दोन मिलिमीटरचा पापुद्रा महाग पडतो, पण पुढची पिढी त्यावर पुन्हा रंधा फिरवू शकते. तिसरा प्रश्न आतल्या प्लायवूडचा आणि गोंदाचा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो टाळू नये. चौथ्यासाठी शब्द लागत नाहीत. खाली वाकून मेजाची पाठ पाहावी.

शेवटचा प्रश्न मोबदल्याचा. असे मेज यंत्रातून निघालेल्या मेजाहून महाग असते, कारण त्यातला मोठा भाग लाकडाचा नसून वेळेचा असतो. काप क्रमाने लावणे, सांधा सारखा करणे आणि पाठीला पापुद्रा देणे हे काम गिऱ्हाइकाच्या नजरेआड होते. त्याचा वेगळा उल्लेख करून जो दाम मागतो, त्या कारागिराशी घासाघीस करताना एक विचार मनात असावा. कमी झालेला पैसा सहसा दर्शनी बाजूतून वजा होत नाही. तो पाठीतून वजा होतो.