हलकें पान आणि भारी जोड

गणपतीच्या दिवसांत आमच्या खांब गांवांत जागरणाच्या निमित्तानें ओटीवर तीनशेंचारचा डाव बसतो. हा खेळ प्रथमच पाहणारा मुलगा हटकून एक चूक करितो. राजा हातीं आला कीं तो हरखतो, आणि गुलाम आला कीं तोंड वांकडें करितो. पण ह्या खेळांत गुलामाचे गुण ३०, नव्वीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, आणि राजाचे अवघे ३ व राणीचे २! एका रंगाचे ७६, चार रंगांचे मिळून ३०४. खेळाचें नांवही त्यावरूनच पडलें. आमच्याच कोंकणांतील सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत याहूनही मौज आहे. तींत दहा रंग व दर रंगांत बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. पांच रंगांत राजा व प्रधान यांच्या खालोखाल दहाचें पान चढतें. उरलेल्या पांचांत मात्र एक्का प्रधानाच्या पाठोपाठ बसतो आणि दहाचें पान तळाशीं जातें.

तात्पर्य, पानाची योग्यता त्यावरील चित्रांत नसून खेळाच्या नियमांत असते. हें ओळखीच्या पत्त्यांविषयीं झालें. ज्या खेळांत खेळणारा आपला जोड आपणच रचतो, त्यांत तिला आणखी एक आधार असतो, तो म्हणजे सोबतचीं पानें. असे खेळ आतां खेड्यांतील मुलांच्याही दप्तरांत शिरले आहेत. पत्ते म्हटले कीं कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. पैसे लावून खेळणें आम्हांसही मान्य नाहीं; पण येथें प्रश्न जुगाराचा नसून हिशेबाचा आहे.

ह्या प्रकारचा पहिला मोठा खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा १९९३ सालीं अमेरिकेंत निघाला. त्याचे कर्ते रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे पंडित. हजारों निरनिराळ्या पानांतून निदान साठ पानांचा जोड निवडावयाचा, आणि मूळच्या जमिनीचीं पानें वगळल्यास एका नांवाचीं चारांहून अधिक पानें घ्यावयाचीं नाहींत, असा दंडक आहे. प्रत्येकास आरंभीं आयुष्याचे वीस गुण मिळतात; ते शून्यावर आले कीं डाव हरला. दर पाळीस एक नवें पान ओढावयाचें.

१९९५ सालीं ह्या खेळांत ‘नेक्रोपोटन्स’ नांवाचें एक पान आलें. तें मांडलें कीं दर पाळीचें हक्काचें पान ओढतां येत नाहीं; उलट आयुष्याचा एक गुण द्यावा तेव्हां एक पान मिळतें, आणि तेंही पाळीच्या शेवटीं. प्रथम वाचणाऱ्यांनीं नाक मुरडलें. फुकट मिळणारें पान सोडून तेंच प्राण देऊन कोण विकत घेईल? पण कांहीं खेळाडूंनीं निराळा हिशेब केला. हातांत दोन पानें उरलीं असतां पांच गुण देऊन पांच पानें एका पाळींत येतात. एरवीं त्यांस पांच पाळ्या लागल्या असत्या. आणि वीस गुणांचा मनुष्य जितका जिवंत, तितकाच एका गुणाचाही जिवंत! आयुष्य हें जपून ठेवावयाचें धन नसून खर्चावयाचें भांडवल आहे, हें ज्यास उमगलें त्यास तें पान उमगलें.

तथापि एवढ्यानें भागत नाहीं. खर्चलेलें आयुष्य परत कोठून यावें? ह्याचें उत्तर नेक्रोपोटन्समध्यें नाहीं, सोबतच्या पानांत आहे. ‘ड्रेन लाइफ’ प्रतिपक्षाचे गुण हिरावून आपणांस देतें. ‘आयव्हरी टॉवर’ हातांतील चारांवरच्या दर पानामागें एक गुण देतें. हातांत सात पानें असलीं कीं तीन गुण आले, आणि तेवढ्यांत पुन्हां तीन पानें! ‘डार्क रिच्युअल’ एका शक्तीच्या जागीं तीन देतें. त्यामुळें तिसऱ्या पाळीस मांडावयाचें पान पहिल्याच पाळीस मांडतां येतें. एकेकटें पाहिल्यास ह्यांपैकीं कोणतेंही पान नेक्रोपोटन्सचें वैगुण्य झांकीत नाहीं. एकत्र आलीं कीं तें वैगुण्यच उरत नाहीं. फेब्रुवारी १९९६ मध्यें न्यूयॉर्क येथें झालेल्या पहिल्या ‘प्रो टूर’ स्पर्धेंत लिऑन लिंडबॅक हा खेळाडू असाच जोड घेऊन शेवटच्या आठांत पोंचला, आणि त्या वर्षींच्या उन्हाळ्यास खेळाडू अजून ‘काळा उन्हाळा’ म्हणतात, इतके हे जोड बोकाळले. पुढें कित्येक स्पर्धाप्रकारांत ह्या पानास मनाई करावी लागली.

आतां आमच्या वर्गांतली गोष्ट. आमच्या मुलांत ‘पोकेमॉन’चा खेळ चालतो. त्यांतही जोड साठ पानांचा व एका नांवाचीं पानें जास्तींत जास्त चार. फक्त मूळ शक्तीच्या पानांस ही मर्यादा नाहीं. एका मुलाचे वडील धाटावास कारखान्यांत कामाला आहेत. चकचकीत पानें असल्यावांचून जिंकतां येत नाहीं असें मनांत घेऊन त्यानें सहलीसाठीं सांठविलेले पैसे बाजारांतल्या सोनेरी पाकिटांवर घालविण्याचा बेत केला. तीं पानें बहुधा नकली असतात आणि नियमाच्या स्पर्धेंत चालत नाहींत, हें त्यास ठाऊक नव्हतें. आम्हीं त्यास त्याचाच डबा उपडा करावयास सांगितलें. तळाशीं ‘बिडूफ’ हीं तीन व त्यांवर चढविण्याचीं ‘बिबारेल’ हीं दोन, अशीं पानें निघालीं. दांताळ्या उंदरासारखें तें चित्र पाहून वर्ग हंसला.

२०२२ सालच्या ह्या बिबारेलचा गुण असा कीं, आपल्या पाळींत एकदां हातांत पांच पानें होईपर्यंत ओढतां येतात. हातांत आधींच पांच असतील तर त्याचा उपयोग शून्य. म्हणजे हात लौकर रिता होईल अशींच पानें जोडास हवींत. ‘अल्ट्रा बॉल’ वापरावयाचा तर हातांतील दोन पानें टाकावीं लागतात. इतर मुलें त्यास तोटा समजत, येथें तोच नफा. उलट त्या मुलाचीं दोन आवडतीं भलीं थोरलीं पानें हातांत नुसतीं अडून बसत. तीं काढतांना त्याच्या डोळ्यांत पाणी आलें. जोड रचण्यांत अवघड काम हेंच, पानें घालणें नव्हे.

मग फळ्यावर हिशेब मांडला. साठांत एखादें पान एकच असेल तर पहिल्या सातांत तें येण्याचा संभव शंभरांत १२ हूनही कमी. चार असतील तर? मुळींच न येण्याचा संभव ५६/६० × ५५/५९ असा सात अपूर्णांकांचा गुणाकार. तो सुमारें ६० टक्के निघतो, म्हणजे येण्याचा ४० टक्के. तीन पाळ्यांनंतर, दहा पानें पाहून झाल्यावर, तो ५३ पर्यंत चढतो. आणि बिडूफ मांडल्या पाळींतच बिबारेल चढवितां येत नाहीं. तेव्हां उशीर परवडत नाहीं. नववीच्या वर्गास संभाव्यतेचा धडा इतका मन लावून ऐकतांना आम्हीं पूर्वीं पाहिलें नव्हतें.

पहिले तीन डाव तो हरला. दर वेळीं त्यानें कोणतें पान हातांत अडलें तें वहींत टिपून ठेविलें व तेंच बदललें. एका पराभवावरून सगळा जोड मोडला नाहीं. पुढच्या पांचांपैकीं तीन डाव त्यानें जिंकले. सहलीचे पैसे वांचले. गेल्या शनिवारीं मधल्या सुटींत त्यानें आपलें एक अस्सल चकचकीत पान देऊन शेजारच्या मुलाकडून चौथें बिडूफ व तिसरें बिबारेल घेतलें. सौद्यांत आपण त्यास पुरतें फसविलें, असें तो शेजारचा मुलगा दिवसभर सर्वांस सांगत फिरत होता.