नकाशातला वासा, छपरातला वासा

कोकणात कौलारू घर बांधायला काढले की घरमालक नकाशा पुढे ठेवून विचारतो, "मिस्त्री, लाकूड किती लागेल?" आम्ही सुतार हा हिशेब कागद-पेन्सिलीने करतो. तो घरातल्यांनाही यायला हवा.

समजा, घर २४ फूट रुंद आणि ३८ फूट लांब आहे. दुपाखी छपराचे आढे भिंतीच्या माथ्यापासून ९ फूट उंच आहे. नकाशात अर्धी रुंदी १२ फूट दिसते, पण वासा तिरका बसतो. १२ चा वर्ग १४४, ९ चा ८१. बेरीज २२५, वर्गमूळ १५. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर २ फूट बाहेर काढले, तर उतारावर ते अडीच फूट भरते. म्हणजे वासा १४ नव्हे, साडेसतरा फुटांचा.

दर २ फुटांवर एक धरला तर एका बाजूला २० वासे, दोन्हीकडचे मिळून ४०. वासा ३ बाय ४ इंची असेल तर ३ गुणिले ४ गुणिले साडेसतरा, भागिले १४४, हे एका वाशाचे घनफूट. चाळिसांचे ५८ हून थोडे अधिक होतात. सपाट मापाने जेमतेम ४७ येतात. ही तूट अर्ध्या कामात उघडी पडते आणि वाद सुरू होतो.

म्हणून दर ठरवण्याआधी नगवार यादी मागा: नाव, जाडी, लांबी, संख्या. आढे, तुळया, रिपा, चौकटी वेगळ्या लिहून घ्या. कापणीतली घटही वेगळी. आखातात घाम गाळून जमवलेला पैसा आमच्या हाती अमानत असतो. त्याचा हिशेब कागदावरच असावा.