शाहूपुरीतून मूळगावापर्यंत : पूर्वजांचा शोध कसा घ्यावा?

कोल्हापूर, प्रतिनिधी : पणजोबांचे नाव विचारले तर शहरातील बहुतेकांना क्षणभर थांबावे लागते. खापरपणजोबांचे नाव सांगणारे तर विरळाच. एरवी ही विस्मृती कुणाला सलत नाही. मात्र जातपडताळणीचा अर्ज करताना, वडिलोपार्जित जमिनीला वारस लावताना किंवा वाटणीचा दावा दाखल करताना हीच नावे कागदोपत्री सिद्ध करावी लागतात. मग घरातील जुनी पत्र्याची पेटी उघडली जाते आणि नेमका हवा असलेला कागद तीत नसतो.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून जुन्या दप्तरांकडे आणि मोडी वाचकांकडे सर्वसामान्यांचे लक्ष गेले. पूर्वजांचा शोध ही केवळ हौस नसून अनेक कुटुंबांची गरज आहे, हे त्यातून दिसून आले. हा शोध पद्धतशीरपणे घेतला, तर तीन-चार पिढ्या मागे जाणे पुष्कळांना शक्य असते.

वस्ती नवी, मुळे जुनी

शाहूपुरीचेच उदाहरण घेता येईल. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये रेल्वे स्थानकाजवळ ही व्यापारपेठ वसविली. गुळाच्या व्यापाराने ती नावारूपाला आली. तेथे व्यापारी आले, कारागीर आले, हमाल आणि नोकरदार आले. साहजिकच शाहूपुरीतील कोणत्याही घराण्याचा तेथील इतिहास १८९५ च्या मागे जाऊ शकत नाही. त्यापूर्वीचा माग काढायचा, तर पेठेबाहेर पडून मूळगाव गाठावे लागते. म्हणून अशा कुटुंबाच्या शोधाचा पहिला प्रश्न ‘आपले पूर्वज कोण’ हा नसून ‘ते कोठून आले’ हा असतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील वडीलधाऱ्यांकडेच मिळते. कुलदैवत कोणते, देवक कोणते, भावकी कोणत्या गावी आहे, जत्रेला कोठे जातात, सुतक कोणाकोणाचे पाळतात, हे विचारून लिहून ठेवावे. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, खरेदीखते, जमाखर्चाच्या वह्या, फार काय भांड्यांवर कोरलेली नावेही उपयोगी पडतात. आडनावावर मात्र एकदम विसंबू नये. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे हुद्द्यांची आहेत. त्यांवरून रक्ताचे नाते ठरत नाही. ‘कर’ प्रत्ययाच्या आडनावातील गावही मूळगावच असेल असे नाही. मधल्या मुक्कामाच्या गावावरून ते पडलेले असू शकते.

कोणती नोंद कोठे?

शहरातील घराचा माग मिळकत पत्रिकेवरून निघतो. नगर भूमापन कार्यालयातील चौकशी नोंदवहीत मिळकत कोणाकडून कोणाकडे आली याची माहिती असते. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. तिची महानगरपालिका १९७२ मध्ये झाली. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी प्रथम तेथे अर्ज करावा लागतो. खेड्यातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ‘कोतवाल बुका’त सापडतात. जुन्या जन्मनोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहून पुढे बापाचे नाव असते. त्यामुळे स्वतःच्या आजोबांचे नाव शोधत बसण्यापेक्षा पणजोबांच्या नावाने शोध घेणे श्रेयस्कर.

शाळेचे जनरल रजिस्टर हा आणखी एक भक्कम आधार. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यामुळे ज्या घरांत पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा घरांतील मुलांची नावेही पटावर आली. जमिनीच्या बाबतीत सातबारा व त्यामागील फेरफार पाहावेत. वारसाच्या फेरफारात मृताचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे एकत्र मिळतात. एका फेरफारात दोन पिढ्यांचा दुवा जुळतो. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या सेवेवर काही जिल्ह्यांतील असे जुने कागद घरबसल्या पाहता येतात.

शोधात अडते ते बहुधा राजकीय सीमांपाशी. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. तोवर इचलकरंजी, कागल, विशाळगड, बावडा या जहागिरींचा कारभार वेगळा होता. शेजारी सांगली, मिरज, कुरुंदवाड ही संस्थाने होती. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. तेव्हा गाव आज कोणत्या तालुक्यात आहे, यापेक्षा त्या काळी ते कोणाच्या अमलाखाली होते हे आधी पाहावे. संस्थानकालीन कागदांसाठी कोल्हापूरचे पुरालेखागार, तर पेशवे दप्तरासाठी पुण्याचे पुरालेखागार ही मुख्य ठिकाणे होत.

मोडी, ‘बिन’ आणि सनांचा घोळ

१९१८ मध्ये शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्यापूर्वीचे गावदप्तर वतनदाराच्या हाती आणि मोडी लिपीत असे. मोडी वाचणारा जाणकार गाठणे किंवा पुरालेख विभागाच्या प्रशिक्षण वर्गात ती शिकून घेणे, हे दोनच मार्ग येथे उरतात.

वाचता आले तरी सन उलगडावा लागतो. शालिवाहन शकात ७८ मिळविले की सामान्यतः इसवी सन येतो. दक्षिणेतील फसली सनात ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवावे. वर्षाच्या उत्तरार्धातील तारीख असल्यास आणखी एक. शंभर वर्षांपूर्वीच्या फसली सनाला इसवी सन समजल्यास अख्खा शोध भलतीकडे जातो.

जुन्या कागदांत पुष्कळदा आडनावच नसते. ‘रामजी बिन सखोजी’ म्हणजे सखोजीचा मुलगा रामजी. वेल्समध्येही हीच अडचण येते. तेथे ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’. बापाचे नाव मुलाच्या नावापुढे लागे आणि ते दर पिढीला बदले. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १८५८ पूर्वीची मृत्युपत्रे संगणकीकृत करून विनामूल्य खुली केली आहेत. पूर्वज शोधणारे त्यांत नावाबरोबर गाव आणि नातलग ताडून पाहतात. आपल्याकडेही नियम तोच. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच गावात तीन ‘रामजी’ सापडू शकतात. गाव, बापाचे नाव, जमीन आणि काळ यांपैकी किमान तीन गोष्टी जुळल्याखेरीज दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत.

हेळवी आणि तीर्थोपाध्याय

सरकारी दप्तराबाहेरही वंशावळी जपल्या गेल्या. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात सुगीनंतर बैल घेऊन दारी येणारे हेळवी यजमान घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवीत व नवे जन्म लिहून घेत. कानडीत ‘हेळव’ म्हणजे पांगळा. आपला मूळ पुरुष पांगळा असून बैलावर बसून फिरे, अशी त्यांची परंपरा सांगते. गुजरातेत हेच काम वहीवंचा बारोट करीत. शाहूपुरीतील गुजराती घराण्यांना त्यांचा उपयोग होऊ शकतो. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्यांची नावे आहेत. तेथेही पहिला प्रश्न मूळगावाचाच येतो. या वह्या दिशा दाखवितात. तथापि पडताळणीत खरे वजन असते ते सरकारी नोंदीच्या प्रमाणित प्रतीला.

पडताळणीसाठी मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा महत्त्वाचा. इतर मागासवर्गासाठी तो १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा आहे. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ करण्याऐवजी मूल नववी-दहावीत असतानाच शोध सुरू केलेला बरा. नोंदीत अक्षर पुसट असले तरी त्यावर कोणीही हात चालवू नये. खाडाखोड आढळल्यास खरी नोंदही संशयास्पद ठरते.

लेकींची नावे

पारंपरिक वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. सासरी गेलेली लेक आणि माहेरचे नाव बदललेली सून कागदावरून नाहीशी होते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. वारस लावताना बहिणींची नावे वगळलेली वंशावळ पुढे दाव्याचे कारण ठरते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक झाल्याने पुढील पिढ्यांना ही उणीव तेवढी भासणार नाही. मागच्या पिढ्यांतील आज्या-पणज्यांची नावे मात्र आज कोणाच्या तरी स्मरणातच शिल्लक आहेत. कचेरीतील कागद उद्याही मिळेल. घरातील ऐंशी वर्षांच्या आजींकडे मात्र आजच वही-पेन घेऊन बसावे लागेल.