कॅसेटचे व्हिडिओ गेम

कॅसेटचे व्हिडिओ गेम (अन्य नावे: टीव्ही गेम, टीव्ही व्हिडिओ गेम) हे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळल्या जाणाऱ्या आठ-बिट खेळयंत्रांचे भारतातील प्रचलित नाव आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षे ही यंत्रे महाराष्ट्रातील शहरांत व निमशहरी गावांत विकली जात. त्यांतील बहुतेक यंत्रे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर' अर्थात फॅमिकॉम या यंत्राच्या प्रतिकृती होत्या. मूळ यंत्राचे नाव भारतीय ग्राहकाला क्वचितच ठाऊक असे. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावे मात्र परिचित होती.

भ्रमणध्वनीवरील आंतरजालाधारित खेळांविषयी पालक, डॉक्टर आणि शासन यांची चिंता वाढत गेली, तसे या जुन्या यंत्रांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. या ओढीत बालपणीच्या आठवणींचा वाटा मोठा असला, तरी दोन्ही प्रकारच्या खेळांच्या रचनेतील फरकही तिच्यामागे आहे.

नावे व परिभाषा

खेळ साठवलेल्या प्लास्टिकच्या डबीला भारतात सरसकट 'कॅसेट' म्हटले गेले. त्या काळी घरोघरी असलेल्या गाण्यांच्या आणि चित्रपटांच्या कॅसेटवरून हा शब्द आला असावा. प्रत्यक्षात या डबीत चुंबकीय फीत नसते. तिच्यात एक छापील मंडलपट्टी आणि केवळ वाचता येणाऱ्या स्मृतीच्या चिपा असतात. हातात धरावयाच्या नियंत्रकाला 'रिमोट' म्हणत, जरी तो वायरीने यंत्राला जोडलेला असे. 'बंदूक', 'स्टेज', 'लाइफ', 'बॉस' हे शब्दही याच खेळांतून मुलांच्या बोलण्यात रुळले. खेळांतील मजकूर इंग्रजी किंवा जपानी असे. मराठीत एकही अधिकृत खेळ आला नाही, तरीही भाषेची अडचण फारशी जाणवली नाही, कारण खेळ कसा खेळायचा हे चित्रावरूनच उमगत असे.

तांत्रिक रचना

फॅमिकॉमची रचना मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्यातील रिको कंपनीचा प्रक्रियक १९७५ सालच्या ६५०२ या स्वस्त प्रक्रियकावर आधारलेला होता व सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. कार्यस्मृती २ किलोबाइट आणि चित्रासाठीची स्मृतीही २ किलोबाइट इतकीच होती. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेले एक छायाचित्र याच्या कित्येक पट जागा घेते.

चित्र निर्माण करणारी चिप पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठपेक्षा अधिक हलत्या आकृती दाखवू शकत नसे. शत्रूंची व गोळ्यांची गर्दी झाली, की आकृती लुकलुकू लागत. हे लुकलुकणे अनेकांना कॅसेट किंवा टीव्ही बिघडल्याचे लक्षण वाटे. वास्तविक ती यंत्राची मर्यादा होती. आळीपाळीने वेगवेगळ्या आकृती गाळून खेळाचे रचनाकार तिच्यातून वाट काढत.

भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब दूरचित्रवाणीच्या प्रणालीची आहे. जपानमधील एनटीएससी प्रणालीत दर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात, तर भारतातील पाल प्रणालीत ५०. जपानी यंत्र जसेच्या तसे भारतीय टीव्हीला जोडल्यास चित्र कृष्णधवल दिसे किंवा पडद्यावर स्थिर राहत नसे. त्यामुळे पाल प्रणालीच्या देशांसाठी तैवानच्या यूएमसीसारख्या कंपन्यांनी मूळ चिपांच्या फेरफार केलेल्या नकला बनवल्या. अशा नकला वापरणाऱ्या यंत्रांपैकी रशियातील 'डेंडी' (१९९२) विशेष प्रसिद्ध आहे. या यंत्रांत प्रक्रियकाचा वेग जवळपास मूळ यंत्राइतकाच ठेवलेला असे. खेळाची पावले मात्र चित्रांच्या गतीने पडत, त्यामुळे खेळ मूळ वेगाच्या सुमारे पाच षष्ठांश वेगाने चाले. संगीताची लयही तेवढीच संथ होई. लहानपणी अशा यंत्रावर खेळलेल्या व्यक्तीला आज संगणकावर तोच खेळ जपानी मांडणीत सुरू केल्यावर मारिओ अकारण घाईत असल्यासारखा वाटतो. स्मरणरंजनाने माणसाची आठवण रंगवली जाते हे खरेच, पण इथे आठवण बरोबर असते.

कॅसेट आणि फुंकर

मूळ फॅमिकॉममध्ये अनधिकृत कॅसेट ओळखून अडवणारी कुलूप-चिप नव्हती. निन्टेन्डोने ती पुढे अमेरिकेतील आवृत्तीत बसवली. या मोकळीकीमुळे ६० टोकांची जपानी धाटणीची कॅसेट आशियात सर्वत्र नकलली गेली. भारतात मिळणाऱ्या कॅसेटींवर '९९९९९९९ इन १' अशा वल्गना छापलेल्या असत. यादी उघडल्यावर मोजकेच खेळ वेगवेगळ्या नावांनी आणि निरनिराळ्या पायऱ्यांपासून पुन्हापुन्हा सुरू होत. बॅटल सिटी, सर्कस चार्ली, रोड फायटर, एक्साइटबाइक, डक हंट, कॉन्ट्रा हे त्यांतील नेहमीचे खेळ होते.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या टोकांवर फुंकर मारण्याची पद्धत जगभर होती. फुंकरीने खेळ सुरू होतो हा समज मात्र निराधार आहे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने टोकांचा संपर्क नव्याने जुळतो व खेळ चालू होतो. उलट श्वासातील ओलाव्याने टोके गंजतात, म्हणून निन्टेन्डोने फुंकर न मारण्याची सूचना दिली होती. कोकणपट्टीच्या दमट हवेत ठेवलेल्या जुन्या कॅसेटी स्वच्छ करण्यासाठी आज संग्राहक आयसोप्रोपिल अल्कोहोल व कापसाचा बोळा वापरतात.

महाराष्ट्रातील प्रसार

सेगा कंपनीच्या यंत्रांचे भारतातील वितरण १९९५ पासून शॉ वॉलेस या कंपनीकडे होते. आयातकरामुळे अशी अधिकृत यंत्रे सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर राहिली. ती पोकळी नकलांनी भरून काढली. मुंबईत लॅमिंग्टन रस्ता हा विद्युत-उपकरणांचा व सुट्या भागांचा मोठा बाजार होता. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी कल्याण व उल्हासनगर हे बाजार अधिक जवळचे. कल्याण-कसारा मार्गावरील वाशिंद, आसनगाव, खर्डी या गावांना लोकलने, तर रेल्वे नसलेल्या मुरबाडला रस्त्याने त्यांच्याशी संपर्क ठेवता येई.

ज्या घरी यंत्र घेणे परवडत नसे, तेथील मुलांसाठी ताशी पैसे घेऊन खेळू देणारी दुकाने आणि दिवसाच्या भाड्याने मिळणारी यंत्रे हा पर्याय होता. बहुतेक घरांत टीव्ही एकच असे. त्यामुळे खेळण्याची वेळ मोठ्यांच्या मालिका, बातम्या आणि क्रिकेटचे सामने यांतून उरलेली. अँटेनाची वायर काढून तेथे यंत्राची वायर खोचावी लागे आणि टीव्हीची एक वाहिनी तिच्यासाठी जुळवून ठेवावी लागे. खेळामुळे टीव्हीची 'पिक्चर ट्यूब जाते' अशी पालकांची तक्रार असे. एकच स्थिर चित्र दीर्घकाळ राहिल्यास नळीच्या पडद्यावर डाग उमटू शकतो इतपत तिच्यात तथ्य होते. तंत्रज्ञानाविषयीची धास्ती आजचीच आहे, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

यातील बहुसंख्य खेळांत प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. भारनियमनाच्या काळात वीज गेली की खेळ पहिल्या पायरीवर परत येई. तीन 'लाइफ'मध्ये कॉन्ट्रा संपवणे कठीण असल्याने वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए हा बटणांचा क्रम मुलांमध्ये तोंडोतोंडी पसरला. त्याने तीस लाइफ मिळत. हा क्रम कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रॅडियस' (१९८६) या खेळाची चाचणी सोपी व्हावी म्हणून घातला होता व तो चुकून अंतिम प्रतीत राहिला.

बंदूक का चालत नाही

आज जुने यंत्र नव्या सपाट टीव्हीला जोडणाऱ्यांची पहिली निराशा बंदुकीमुळे होते. डक हंटमध्ये बंदूक गोळी किंवा किरण सोडत नाही. ती केवळ प्रकाश टिपते. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. त्या नेमक्या क्षणी बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदकाला उजेड जाणवला, तर नेम लागला असे यंत्र ठरवते. नळीच्या टीव्हीत चित्र तत्क्षणी, रेषेरेषेने रंगते. सपाट टीव्ही मात्र आलेल्या चित्रावर प्रक्रिया करून ते काही क्षणांनी दाखवतो, शिवाय त्याच्या उजेडात बंदुकीला अपेक्षित असलेली स्पंदनेही नसतात. त्यामुळे नळीचे टीव्ही भंगारात जात आहेत, तसा खेळांचा हा संपूर्ण प्रकार मूळ स्वरूपात खेळणे अशक्य होत चालले आहे. अशा टीव्हीत वीज बंद केल्यावरही उच्च दाबाचा विद्युतभार शिल्लक राहत असल्याने त्यांची दुरुस्ती जाणकारानेच करावी लागते.

आधुनिक खेळांशी तुलना

कॅसेट विकली गेल्यानंतर तिच्यावर निर्मात्याचे नियंत्रण उरत नसे. तिच्यात जाहिरात नव्हती, खेळाडूची माहिती गोळा होत नव्हती, आणि खेळ चालण्यासाठी दुसऱ्या कोणाची अनुमती लागत नव्हती. निन्टेन्डोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये व दुरुस्तीसेवा २००७ मध्ये बंद केली, तरी कॅसेटी चालतच राहिल्या.

आंतरजालाधारित खेळांचे तसे नाही. केंद्र शासनाने २ सप्टेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ नुसार ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. त्याच्या जागी जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय हा खेळ जुलै २०२२ मध्ये रोखला गेला व मे २०२३ मध्ये परतला. प्रत्येक वेळी खेळाडूंच्या हातातील उपकरण धडधाकट होते, खेळ मात्र निघून गेला. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा विकत दिलेला खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर थांबवून बंद केल्यावर युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. तिच्या नागरिक-प्रस्तावाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख स्वाक्षऱ्यांचा टप्पा ओलांडला.

खेळाच्या व्यसनाचा प्रश्न स्वतंत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश केलेले रोगवर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. भारतात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या अधिनियमाने बंदी आली. जुने खेळ व्यसन लावू शकत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ते खेळाडूला सूचना पाठवून परत बोलवत नसत, एवढा फरक मात्र निश्चित आहे.

जतन व कायदेशीर स्थिती

१९९७ मध्ये आलेल्या 'नेस्टिकल' या आज्ञावलीपासून घरगुती संगणकावर फॅमिकॉमचे अनुकरण सहज शक्य झाले. निन्टेन्डोनेही २०१६ मध्ये तीस खेळ असलेले छोटे यंत्र विकले. मात्र व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत.

प्रतिकृती-यंत्रांच्या रचनेवरील पेटंटांची मुदत संपली असली, तरी खेळांवरील प्रताधिकार कायम आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ संगणक-आज्ञावलीला साहित्यकृतीचा दर्जा देतो. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. भारतातील बहुसंख्य कॅसेटी मुळातच नकला असल्याने त्यांच्या मालकांना हा आधार मिळत नाही.

परिणामी मारिओ किंवा कॉन्ट्राच्या मूळ जपानी व अमेरिकी प्रती सुरक्षित असल्या, तरी भारतीय बाजारातील आवृत्ती तितकी सुरक्षित नाही. नकलांच्या खोक्यांवरील चित्रे, यादीतील बदललेली नावे, यंत्र बनवणाऱ्या व जोडणाऱ्या छोट्या उद्योगांची माहिती यांची नोंद कुठल्याही एका ठिकाणी झालेली नाही. स्वस्त यंत्रांतील चिपा काळ्या रेझिनच्या ठिपक्याखाली झाकलेल्या असल्याने त्या बदलता येत नाहीत. पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा वापरलेल्या कॅसेटींतील विद्युतभार काही दशकांत झिरपून जातो व खेळ नाहीसा होतो. अशा कॅसेटीतील मजकूर उतरवून घेण्यासाठी वाचक-उपकरणे उपलब्ध आहेत. माळ्यावरची कॅसेट भंगारात जाण्यापूर्वी ती अशा उपकरणापर्यंत पोहोचली, तरच तिच्यातील भारतीय यादी उतरवून घेता येते.