तुयेच्या भिंतीवर वाळवंट : घरात जॉर्जिया ओकीफ यांची प्रिंट लावताना

• चित्रकर्ती : जॉर्जिया ओकीफ (१८८७–१९८६). न्यू मेक्सिकोचे लाल डोंगर आणि कॅनव्हासभर फुललेली फुले ही त्यांची ओळख.

• ओळखीचे फूल : पांढऱ्या धोतऱ्याचे त्यांचे १९३२चे चित्र २०१४मध्ये ४ कोटी ४४ लाख डॉलरना विकले गेले.

• आपल्या मातीतले : गोव्याचा निसर्ग रंगवणारे मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१). त्यांचीही प्रिंट शोधा.

• फ्रेम : आम्लरहित माउंट लावा. प्रिंट काचेला चिकटता कामा नये. मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणे लावली की हवा खेळते.

• जागा : तुयेसारख्या पेडण्यातल्या गावांत पावसात बाहेरच्या भिंती ओल धरतात आणि कागदाला बुरशी येते. थेट उन्हाने रंग उडतात. म्हणून आतली, कोरडी भिंतच निवडा.