फाशाचं नशीब, यंत्राचं डोकं

‘लुडो किंग’ ठाण्याशेजारच्या नवी मुंबईत तयार झाला, हे कल्याण लोकलमध्ये तो रोज खेळणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? विकास जयस्वाल यांच्या गेमेशन कंपनीनं 2016 मध्ये हा गेम आणला आणि 2020 च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोचला. गडी कमी पडला तर समोर ‘कॉम्प्युटर’ बसतो. त्यालाच सहावर सहा कसे पडतात, हा संशय बहुतेक घरांत असतो.

फासा नशिबाचा; पण तो पडल्यावर कोणती सोंगटी हलवायची, इथं डोकं लागतं. लुडोत संगणकाला खेळवायचं तर मोजके नियमही पुरतात. समोरची सोंगटी मारता येत असेल तर मार, आपली धोक्यात असेल तर सुरक्षित घरात ने, यातलं काहीच जमत नसेल तर पुढची हाक. गेमच्या धंद्यात यालाही कित्येक वर्षं ‘एआय’च म्हणतात. 1980 च्या ‘पॅक-मॅन’मधली भुतं अशीच नियमांवर चालत. लाल भूत थेट पाठीशी लागतं, गुलाबी पुढे जाऊन वाट अडवू पाहतं. ती काहीच शिकत नव्हती, तरी खेळणाऱ्याला बेरकी वाटत.

खरोखर शिकणाऱ्या यंत्राची एक गाजलेली करामतही फाशांच्याच खेळातली. आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी 1992 मध्ये बॅकगॅमनसाठी ‘टीडी-गॅमन’ तयार केला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळला, चालीगणिक आपला अंदाज सुधारत गेला आणि थेट कसलेल्या खेळाडूंच्या पंक्तीला जाऊन बसला. त्याचं पाहून तज्ज्ञांनी आपल्या सुरुवातीच्या काही चाली बदलल्या!

आता यंत्र खेळ बनवायलाही बसलं आहे. पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ असलेल्या युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं मार्च 2023 मध्ये ‘घोस्टरायटर’ हे साधन जाहीर केलं. मोठ्या गेममधली रस्त्यावरची गर्दी सतत काहीबाही बोलत असते. त्या वाक्यांचे कच्चे मसुदे हे साधन देतं; लेखक त्यातून निवडतो, दुरुस्त करतो. कंटाळवाणं काम यंत्राकडे गेलं, हे ऐकायला बरं वाटतं. पण नवख्या लेखकाचा हात बसतो तो असल्याच कामावर.

चित्रांचा मामला याहून नाजूक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’ या गेममध्ये (2020) पहाडी चित्रशैलीची छाप आहे, कथा छायाबाहुल्यांतून उलगडते. आज तशा चित्राचा कच्चा नमुना यंत्र काही सेकंदांत काढून देतं. छोट्या चमूला ही मोठीच मदत. पण ते यंत्र कुणाची चित्रं पाहून शिकलं? गेम विकणाऱ्या ‘स्टीम’नं जानेवारी 2024 पासून एआयचा वापर जाहीर करण्याचे नियम लावले. अमेरिकेत गेमना आवाज आणि हालचाली देणारे कलाकार जुलै 2024 मध्ये संपावर गेले. यांत्रिक नकलेपासून संरक्षण ही त्यांची मुख्य मागणी होती आणि संप जवळजवळ वर्षभर चालला.

ठाणे-डोंबिवलीत अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगच्या क्लासच्या पाट्या जागोजागी दिसतात. राज्य सरकारनंही सप्टेंबर 2025 मध्ये या व्यवसायासाठी धोरण मंजूर केलं. मात्र भारतातले बरेच स्टुडिओ परदेशी गेममधली झाडं, भिंती, शस्त्रं बनवून पोट भरतात आणि यंत्राचा डोळा नेमका याच कामावर आहे. क्लासमध्ये नुसतं सॉफ्टवेअर चालवायला शिकवणार, की रेखाटन, प्रकाश, शरीररचना आणि खेळाचे नियम रचणंही, हे पालकांनी फी भरण्याआधीच विचारून घ्यावं.