टक्केवारीचा छेद : अहवालातील आकडे कसे तयार होतात

या वार्षिक अहवालात सन्माननीय विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तस्वकीय यांना अनेक टक्केवाऱ्या व सरासऱ्या आढळतील. खाटांचा वापर किती टक्के झाला, रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, निर्धन रुग्णांच्या वाट्याला किती सेवा आली, असे हे आकडे आहेत. यांपैकी एकही आकडा रुग्णालयाच्या नोंदवहीत लिहिलेला नसतो. तेथे असतात दाखल झाल्याच्या व घरी सोडल्याच्या तारखा, वॉर्डाचे नाव आणि बिलाची रक्कम. बाकी सारे संगणकावरील सूत्रांतून निघते. ती सूत्रे कशी लिहितात, हे येथे थोडक्यात मांडत आहोत. रेणापूर परिसरातील ज्या संस्था असे काम नव्याने हाती घेत आहेत, त्यांनाही याचा उपयोग व्हावा, अशी आमची अपेक्षा आहे.

रकाना आणि मेझर

एक्सेलच्या तक्त्यात प्रत्येक रुग्णासाठी एक ओळ असते. घरी सोडल्याच्या तारखेतून दाखल तारीख वजा केली की 'वास्तव्याचे दिवस' हा नवा रकाना तयार होतो. हे गणित ओळीओळीला होते आणि तेथेच राहते. 'मेझर' याहून वेगळे आहे. ते कोणत्याही एका ओळीत बसत नाही. तो एकदाच लिहून ठेवलेला नियम असतो आणि वाचक ज्या ओळी निवडील, तेवढ्यांपुरते त्याचे उत्तर त्या वेळी काढले जाते. वर्ष निवडले तर वर्षाचे, प्रसूती वॉर्ड निवडला तर प्रसूती वॉर्डाचे. एक्सेलच्या पॉवर पिव्होटमध्ये आणि पॉवर बीआयमध्ये ही सोय आहे.

नवशिक्याने प्रथम साध्या बेरजा लिहाव्यात व त्यांना सरळ मराठी नावे द्यावीत. 'एकूण वास्तव्य दिवस' आणि 'घरी सोडलेले रुग्ण' ही दोन मेझर तयार झाली की पहिल्याला दुसऱ्याने भागून 'सरासरी वास्तव्य' हे तिसरे मेझर मिळते. सकाळी दाखल होऊन सायंकाळी घरी गेलेल्या रुग्णाचे दिवस वजाबाकीने शून्य येतात. ते शून्य धरावयाचे की एक, हे आधी ठरवून लिहून ठेवावे.

सरासरीची सरासरी

खाटांचा वापर मोजताना रात्री बारा वाजता वॉर्डातील रुग्णांची गणती होते. एक रुग्ण म्हणजे एक खाट-दिवस. २८ जूनला दाखल होऊन ४ जुलैला घरी गेलेल्या रुग्णाचे तीन खाट-दिवस जूनचे व तीन जुलैचे. घरी सोडल्याच्या तारखेवरून हिशेब केल्यास सहाही दिवस जुलैत पडतात आणि जुलैचा वापर फुगलेला दिसतो. म्हणून हे मेझर रुग्णांच्या तक्त्यावर न लिहिता रोजच्या गणतीच्या तक्त्यावर लिहावे.

समजा, सामान्य वॉर्डात ४० व प्रसूती वॉर्डात १० खाटा आहेत. तीस दिवसांच्या महिन्यात अनुक्रमे १,२०० व ३०० खाट-दिवस उपलब्ध झाले आणि ९६० व १२० वापरले गेले. वॉर्डनिहाय टक्केवारी ८० व ४० येते. या दोहोंची सरासरी ६०. परंतु रुग्णालयाचा खरा वापर १,५०० पैकी १,०८०, म्हणजे ७२ टक्के. लहान वॉर्डाला मोठ्याइतकेच वजन मिळाल्याने हा फरक पडला. नियम सोपा आहे : आधी अंशांची बेरीज, मग छेदांची बेरीज, आणि शेवटी भागाकार.

एक्सेलच्या पिव्होट टेबलमधील 'कॅल्क्युलेटेड फील्ड' आधी बेरीजच करते, त्यामुळे टक्केवारीसाठी ते उपयोगी पडते. गुणाकाराला मात्र ते फसवे आहे. एक रुग्ण ४०० रुपये दराने ३ दिवस व दुसरा १,००० रुपये दराने २ दिवस राहिला, तर खाटभाडे ३,२०० रुपये होते. कॅल्क्युलेटेड फील्ड १,४०० ला ५ ने गुणून ७,००० दाखवील. असा गुणाकार ओळीच्या रकान्यातच करावा.

छेद कोणता?

धर्मादाय रुग्णालयांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक नुसार मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. वरील उदाहरणातील ५० खाटांपैकी १० खाटा, म्हणजे महिन्याचे ३०० खाट-दिवस, राखीव झाले. त्यांपैकी २१० खाट-दिवस या रुग्णांनी वापरले असे मानू. आता टक्केवारी किती? राखीव खाटांच्या ७०, प्रत्यक्ष वापराच्या सुमारे १९ आणि एकूण उपलब्धतेच्या १४. तिन्ही भागाकार अचूक आहेत. छेद न सांगता यांपैकी सोयीचा आकडा छापणे म्हणजे देणगीदाराला अर्धाच हिशेब देणे होय.

याच योजनेत निर्धन रुग्ण निधीचीही तरतूद आहे. निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्ण वगळून अन्य सर्व रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम, कोणतीही वजावट न करता, त्या निधीत जमा करावयाची असते. एकूण बिले १० लाखांची व त्यांत या दोन गटांची १ लाखाची असतील, तर निधी ९ लाखांवर म्हणजे १८,००० रुपये होतो. कोणत्या ओळी वगळावयाच्या, ही अट पॉवर बीआयमध्ये 'कॅल्क्युलेट' या फंक्शनने मेझरमध्येच लिहिता येते.

छेदाचा हा प्रश्न जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनच्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर ९०.८४ टक्के छापला गेला. आकडेवारी विल्यम फार या नामवंत संख्याशास्त्रज्ञाची होती. अंशस्थानी वर्षभरातील ३,८२८ मृत्यू आणि छेदस्थानी ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी हजर असलेले ४,२१४ रुग्ण. वर्षभरात त्याच खाटांवर येऊन बरे होऊन गेलेले असंख्य रुग्ण या हिशेबात नव्हते. तत्कालीन डॉक्टरांनी यावर तीव्र आक्षेप घेतला. गणित बिनचूक असूनही आकडा दिशाभूल करू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

शून्य, रिकामे आणि तुलना

दुरुस्तीसाठी वॉर्ड महिनाभर बंद असेल तर छेद शून्य होतो व एक्सेल चूक दाखविते. 'डिव्हाइड' हे फंक्शन अशा वेळी जागा रिकामी सोडते. तेथे हाताने शून्य भरू नये. एक्सेल सरासरी काढताना रिकामी चौकट सोडून देते, शून्य मात्र मोजते. बंद वॉर्ड आणि रुग्ण न आलेला वॉर्ड यांत फरक राहिला पाहिजे.

तुलनेचेही तसेच. आपल्या भागात सोयाबीनच्या राशी होईपर्यंत पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया त्यानंतर होतात. म्हणून नोव्हेंबरची तुलना ऑक्टोबरशी करण्यापेक्षा गतवर्षीच्या नोव्हेंबरशी करणारे मेझर अधिक न्याय्य ठरते.

शेवटी एक पथ्य. नवे मेझर लिहिले की एका महिन्याचा हिशेब वहीवरून हाताने करून पाहावा आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच ते अहवालात घ्यावे. प्रत्येक टक्केवारीखाली तिचा छेद एका ओळीत लिहावा. आपल्या देणगीचा विनियोग आकड्यांतूनच आपणांपर्यंत पोहोचतो. म्हणून कोणत्याही अहवालातील टक्केवारी वाचताना 'कशाच्या टक्के?' हा प्रश्न आपण अवश्य विचारावा, ही नम्र विनंती. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्ही बांधील आहोत.